रोझीच्या धावण्याचा लिलाव

सुगीच्या सणाला चर्चमध्ये रिकाम्या हातानं जायचं नसतं. कुणी दुधी आणतं, कुणी उसाची मोळी, कुणी पाय बांधलेला कोंबडा. उपासना आटोपली की वेदीपुढच्या या सगळ्या मालाचा लिलाव होतो. गंमत अशी की भोपळा घेणारा तो घरी नेतच नाही. पैसे देतो, भोपळा परत वेदीपुढं ठेवतो आणि तोच भोपळा पुन्हा विकला जातो. आबासाहेब लिलाव पुकारायला उभे राहिले की कंजूस माणसाचाही हात वर जातो, अशी त्यांची ख्याती.

श्रीरामपूरजवळच्या त्या गावात गेल्या सुगीला रोझी अमोलिककडे न्यायला काहीच नव्हतं. कोंबड्या रोगानं गेल्या होत्या आणि घरात दुसरंच दुखणं बसलं होतं. नवऱ्याची, दानीएलची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. जवळपास कुठं नंबर लागेना, म्हणून डायलिसिससाठी त्याला आठवड्यातून तीनदा एसटीनं नगरला न्यावं लागे. येताना तो खिडकीला डोकं टेकून असा बसे की कंडक्टरसुद्धा तिकीट हळू आवाजात मागायचा. उरलेल्या दिवशी रोझी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

त्या दिवशी पाळकांनी जाहीर केलं की गावातल्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आणायचं आहे. जानेवारीत नगरला एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉन आहे, तिथं कुणी धावलं तर त्याच्या नावानं देणगी गोळा करता येईल. सगळे एकमेकांच्या चपलांकडं बघू लागले. तेवढ्यात रोझी उठली.

"मी काय आणलं न्हाई," ती म्हणाली, "माझं धावणंच विका."

शाळा सुटल्यापासून बाई एसटीमागं सोडून कशाच्याच मागं धावली नव्हती. पण आबासाहेबांना आयतंच कोलीत मिळालं. "एकवीस किलोमीटर! ताजं, घरचं धावणं! बोला!" आधी हसू उसळलं, मग बोली चढत गेली. रोझी घामानं भिजली. वेदीपुढं विकलेला माल पोचता करावाच लागतो आणि तिचा माल काही भोपळ्यासारखा परत ठेवता येणारा नव्हता.

झालं, बाई पळायला लागली. पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट, कालव्याची वाट. आठवडाभरात टाचेनं बोंब ठोकली. मग त्याच वाटेवर बिबट्या दिसला, वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला आणि पहाटे एकट्यानं फिरू नका म्हणून सांगितलं. रोझी चर्चच्या आवारात फेऱ्या मारू लागली. तिथं पाळकांचा कुत्रा मागं लागायचा. एकदा परतीची एसटी स्टँडातच बंद पडली आणि दानीएलला फलाटावर टेकवून ती टेम्पोच्या शोधात वणवण फिरली. एकदा त्याला ताप भरला आणि तीन दिवस ती अंगणाबाहेर पडली नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

लोकांना वाटायचं, केवढी ही जिद्द! जिद्द कसली, भीती होती ती. तिनं मनातल्या मनात देवाशी सौदा केला होता, मी पुरं धावते, तू ह्यांना ठेव. रात्री दानीएल कण्हला की तिला वाटे, आपली सकाळची एक फेरी कमी पडली, त्याचंच हे.

आणि नेमकं शर्यतीच्या आठवड्यात नगरच्या डायलिसिस केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं. दानीएलची शनिवारची पाळी रविवारी सकाळी गेली, ऐन शर्यतीच्या वेळेला. रोझी म्हणाली, मी नाही जात. दानीएलच्या हातात सुया टोचून झाल्या होत्या, तो हसला.

"चार तास मला हितं बांधूनच ठेवलंय. मी कुठं पळून जातोय? तू पळ."

तिथल्या नर्सनं, सिस्टर रेश्मानंही लक्ष ठेवते म्हणून सांगितलं. रोझी गेली. टाच ठणकत होती, पण ती चालत, पळत, लंगडत पुढं सरकत राहिली. आपण हे करू शकतो, असं तिला पहिल्यांदा वाटू लागलं, आणि चारेक किलोमीटर उरले असताना कमरेचा मोबाईल वाजला.

"ताई, त्यांचं बीपी लई खाली गेलंय," रेश्मा म्हणाली. "लगेच या."

रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते, "झालंच, काकी, झालंच!" म्हणून ओरडत होते. काकी वळली आणि दुसऱ्याच गल्लीत शिरली. त्या दिवशी ती खरी धावली ती तिथून पुढं.

ती पोचली तेव्हा दानीएल शुद्धीवर आला होता. मशीन अर्ध्यातच बंद केलं होतं. तिला बघून त्याचे डोळे भरले, पण तोंडातून निघाला तो राग.

"आलीस कशाला? उरलेलं कोन पळनार?"

"तुमीच न्हाई तर मशीन घिऊन काय करू मी?" रोझी ओरडली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये बोली लावलेल्या प्रत्येकानं पैसे आणून दिले. कुणी एका शब्दानं टोचलं नाही. आबासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "माल पोचला."

"न्हाई पोचला," रोझी जागेवरून म्हणाली. "चार किलोमीटर कमी हायेत."

उपासना सुटली तशी तिनं ओढणी कमरेला बांधली आणि आवारात फेऱ्या सुरू केल्या. टाच सुजून बुटात मावत नव्हती. लोक समजावत होते, तिला ऐकू येत नव्हतं. चिंचेखाली खुर्चीवर बसलेला दानीएल बराच वेळ बघत राहिला. मग काठी टेकत उठला आणि तिच्या वाटेत जाऊन उभा राहिला.

"देवाला काय बोलून बसलीस तू?"

ती थांबली नाही, त्याला वळसा घालून गेली. जाता जाता म्हणाली, "पुरं धावले तरच तुमी राहाल."

दानीएलच्या सगळं ध्यानात आलं. ती फेरी मारून परत आली तेव्हा तो तिच्याबरोबर निघाला. त्याच्या चालीनं तिला चालावंच लागलं. पाळकांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत त्याला धाप लागली, तो मटकन पायरीवर बसला.

"थोडंच राहिलंय," रोझी रडत म्हणाली. "मला जाऊ द्या. तेवढं फेडू द्या."

"राहू दे." त्यानं तिचा हात धरला. श्वास जुळायला त्याला वेळ लागला. "अगं, सावकार कधी देणेकऱ्याला मरू देतो व्हय? येणं बुडंल त्याचं. देवाचं तेवढं आपल्याकडं उधार राहू दे, रोझे."

रोझी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग वाकून तिनं बुटाच्या नाड्या सोडल्या.