एक जागरूक पाठक

पहिलं कार्ड आलं तेव्हा माझं यान पृथ्वीवरून निघून तीन रविवार झाले होते.

यान गोष्टीतलं. उज्जैनच्या एका हिंदी पेपरनं त्या वर्षी रविवारची रंगीत पुरवणी काढली होती. शहरात नुकतीच केबल आलेली, कूलर-फ्रिजच्या जाहिरातींची रीघ लागलेली, आणि त्यांच्या मधल्या जागेत लोकांना काहीतरी वाचायला हवं म्हणून संपादकांनी एक विज्ञानकथा क्रमशः छापायचं ठरवलं. मी फिजिक्सची एम.एस्सी. होऊन दोन वर्षं घरात होते. बँकेच्या परीक्षा दिल्या, शाळांतून अर्ज दिले, एका कॉलेजात कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर चार महिने शिकवलं. तिथल्या सरांनी माझं नाव सुचवलं. संपादक म्हणाले, ट्रायलवर लिहा, जमलं तर पुढं बघू. मी हो म्हणाले, आणि फ्रीगंजमधल्या पेपरच्या ऑफिसचा जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की आपण जन्मात एकही गोष्ट लिहिलेली नाही.

नाही म्हणायची सोय नव्हती. बाबांची कापड मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं. आई साड्यांना फॉल-पिको करायची, मी आठवी-नववीच्या ट्यूशन घ्यायची. बाबा मिलच्या टाइम-ऑफिसात होते. कोण किती वाजता आत आला, कोण कोणत्या पाळीला होता, कोणाची पाळी संपली तरी तो खात्यातच कसा, हे सगळं आयुष्यभर त्यांनी रजिस्टरात उतरवलं. फाटकाला कुलूप लागलं तरी ते रोज सकाळी त्याच वेळेला डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी पाचला परत यायचे. आम्हाला वाटायचं, फाटकाशी बाकीचे लोक बसतात त्यांच्यात बसत असतील. घरात विचारलं तर उत्तर द्यायचे, पण आपणहून बोलणं सुटत गेलं होतं. शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा. बाबा त्या भिंतीकडे तोंड करून बसायचे.

माझ्या यानात पाच माणसं होती आणि ती गुरूच्या एका चंद्राकडे निघाली होती. मी दर मंगळवारी हातानं भाग लिहायची, शिलाई मशीनवरच्या फळीवर कात्रीखाली दाबून ठेवायची आणि बुधवारी सायकलवरून फ्रीगंजला नेऊन द्यायची. माझ्याकडे प्रत उरायची नाही. आधी काय लिहिलं ते छापून आल्यावर बघायचं, आणि तेही बहुतेक वेळा ट्यूशनच्या गडबडीत राहून जायचं.

ते कार्ड पेपरच्या पत्त्यावर आलं होतं, हिंदीत, टाइप केलेलं. वर नमस्कार, खाली मुद्दे. दुसऱ्या भागात कॅप्टनचा डावा हात मशीनमध्ये सापडून तुटला, तर तिसऱ्या भागात तो दोन्ही हातांनी शिडी कशी चढतो? यानात पाच माणसं निघाली, मग जेवायला सहा ताटं कशी मांडली? खाली सही नव्हती. नुसतं, 'एक जागरूक पाठक'.

संपादक हसले. म्हणाले, चला, कोणीतरी वाचतंय. मीही हसले. घरी येऊन सहावं ताट कोणाचं ते शोधत बसले, आणि मला खरंच सापडलं नाही.

मग दर आठवड्याला कार्ड येऊ लागलं. यानातून पृथ्वीवर निरोप जायला चाळीस मिनिटं लागतात असं लेखिकेनंच सांगितलंय, मग कॅप्टनच्या आईचं उत्तर लगेच कसं आलं? सोमवारी उड्डाण, तीन दिवस गेले, आणि आज रविवार कसा? एकदा लिहिलं होतं की मेकॅनिक चौथ्या भागापासून सलग एकतीस तास जागा आहे, त्याची पाळी कधी संपणार आहे? त्याला बदली द्यायची लेखिकेला आठवण राहिली नाही काय?

संपादकांनी ती कार्डं गोष्टीखाली चौकटीत छापायला सुरुवात केली. लोकांना चौकट आवडली. माधव नगरात भाजी घेताना एक बाई मला म्हणाल्या, तुमच्या कॅप्टनचा हात परत उगवला म्हणे. मी हसून पिशवी पुढं केली. ट्यूशनची मुलं आता आधी चौकट वाचायची, मग गोष्ट. मी लिहायला बसले की मागून कोणीतरी बघतंय असं वाटायचं. एक वाक्य लिहायची आणि त्याच्यात काय काय चूक निघेल ते शोधायची, तोवर पुढचं वाक्य विसरायची. यानातली माणसं हळूहळू काही करेनाशी झाली. नुसती बसून बोलायची, कारण बसून बोलण्यात चुका कमी होतात.

दहाव्या भागानंतर संपादकांनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, मालक विचारतायत की चुका करायला आपण बाहेरून माणूस का ठेवलाय. अजून चार रविवार बघू.

मी त्यांच्याकडून सगळी कार्डं मागून घेतली. पोस्टाचा शिक्का उज्जैनचाच. माझ्यावर कोण एवढं जळतंय ते मला कळेना. कॉलेजातल्या सरांवर संशय घेतला, बरोबरच्या एका मुलीवर घेतला, तिच्याशी बोलणंही तोडलं. आईला म्हणाले, हा माणूस मला घरी बसवणार. आई पिको करत होती, ती म्हणाली, इतकं मन लावून वाचणारा माणूस वाईट कसा असेल. मला तिचा राग आला.

अकराव्या भागाचं कार्ड आलं ते मी ऑफिसातच उभ्यानं वाचलं. डॉक्टरनं शेवटचं इंजेक्शन सकाळीच कॅप्टनला दिलं, मग संध्याकाळी दुसरं कुठून आणलं?

मी दोनदा वाचलं. मग छापलेला भाग काढून बघितला. सकाळचं इंजेक्शन त्यात नव्हतंच. कूलरची जाहिरात ऐन वेळी आली म्हणून संपादकांनी त्या सहा ओळी काढल्या होत्या. त्या ओळी मी लिहिल्या होत्या, संपादकांनी वाचल्या होत्या, आणि मंगळवारी रात्रभर त्या आमच्या घरात कात्रीखाली पडून होत्या. आईला माझं घाईतलं अक्षर लागत नाही. उरले बाबा.

दुसऱ्या दिवशी बाबा निघाल्यावर मी त्यांच्या मागं गेले. ते मिलच्या फाटकाकडे वळलेच नाहीत. कोठीवर, म्हणजे जिल्हा कचेरीबाहेर, झाडाखाली टाइपिस्ट बसतात, तिथं एका म्हाताऱ्या टाइपिस्टाजवळ थोडा वेळ बसले. तो त्यांच्याशी ओळखीनं बोलत होता. तिथून ते चालत राम घाटावर गेले आणि एका बाजूच्या पायरीवर बसले. खाली एका कुटुंबाचं श्राद्ध चाललं होतं. बाबांनी डबा उघडला आणि एकटेच जेवायला लागले. तेव्हा अकराही वाजले नव्हते.

रस्ताभर मी काय काय बोलायचं ते जुळवत आले होते. त्यांना असं जेवताना बघितलं आणि त्यातलं काही उरलं नाही. मी जाऊन शेजारी बसले. ते दचकले नाहीत. डबा थोडा माझ्याकडे सरकवला.

मी म्हणाले, "बाबा, सकाळचं इंजेक्शन छापलंच नव्हतं."

त्यांनी घास डब्यात ठेवला.

"छापलं नव्हतं?"

"नाही. त्या ओळी कापल्या."

"मग ती माझी चूक," ते म्हणाले. "छापलेलं वाचूनच लिहायला हवं होतं. मी आधीच वाचलं होतं, म्हणून नजर वरून गेली."

माझ्याबद्दल वाटायच्या आधी त्यांना त्या चुकीचंच वाईट वाटलं होतं. मला रडू यायला लागलं. मी विचारलं की घरी का नाही सांगितलं, माझं काम जाणार आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का. काम जाणार हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं, चुका कळल्या की मी दुरुस्त करीन, गोष्ट चांगली होईल.

"पण मला सांगायचं ना, बाबा. मी समोरच होते."

"तू काम करतेस बेटा," ते म्हणाले. "मी बसलेला. बसलेल्या माणसानं काम करणाऱ्याच्या चुका कशा काढायच्या?"

मग त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यात चौकटींची कात्रणं होती, सगळी, नीट कापलेली. टाइम-ऑफिसात एवढी वर्षं त्यांनी लिहिलं, ते कोणी छापलं नव्हतं.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरातले त्या सालातले सर्वांत बरे दिवस. मी बाबांना मंगळवारी भाग वाचून दाखवायची. त्यांनी जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर यानातल्या पाचही जणांची हजेरी मांडली. कोण कधी उठलं, कोण कुठं आहे, टाकीत पाणी किती. मेकॅनिकला त्यांनी झोपायला पाठवलं. आई मशीन थांबवून ऐकायची. बाबा मध्येच हात वर करून म्हणायचे, थांब, ही बाई तर खालच्या खोलीत आहे, तिला कसं दिसेल? आणि मी खोडायची. ते तीन भाग मी लिहिलेल्यांतले सर्वांत चांगले होते. त्यांत एकही चूक नव्हती.

कार्डं अर्थात थांबली. चौकट रिकामी राहू लागली, तिथं लस्सीच्या दुकानाची जाहिरात आली.

चौथ्या रविवारनंतर संपादकांनी बोलावलं. मी नव्या उमेदीनं गेले. ते म्हणाले, "मैडम, लोग गलती ढूँढने के लिए पढ़ते थे। अब इसमें ढूँढने को क्या है?" पंधरा दिवस देतो म्हणाले.

मी घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. मग जे सांगायला नको होतं तेही सांगितलं. मी मुद्दाम चुका ठेवीन, तुम्ही कार्डं लिहा. महिनाभर चौकट चालली की काम टिकेल.

बाबांनी रजिस्टर मिटलं.

"खोटी हजेरी मी कधी लावली नाही," ते म्हणाले. रागानं नव्हे. जणू मी त्यांना न जमणारं काहीतरी उचलायला सांगितलं होतं.

मी म्हणाले, खरी हजेरी लावून काय मिळालं तुम्हाला. हे वाक्य मी बोलले. आई मशीनवर वाकलेली होती, तिनं पाय थांबवला आणि पुन्हा सुरू केला. बाबा उठले, चपला घातल्या आणि डब्याशिवाय बाहेर गेले. पाच वाजून गेले तरी आले नाहीत. अंधार पडता पडता आले.

त्या आठवड्याच्या भागात मी डॉक्टरचं वय बदललं, आणि दार उजवीकडचं डावीकडे नेलं.  तो भाग छापून आल्यावर गुरुवारी कोठीवर गेले. म्हाताऱ्या टाइपिस्टानं मजकूर वाचला, खालचं 'एक जागरूक पाठक' वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बाबूजी नहीं आए? मी म्हणाले, तब्येत बरी नाही. त्यानं टाइप करून दिलं.

चौकट छापून आली. रविवारी सकाळी बाबांनी पुरवणी उघडली. मी ओट्याशी चहा गाळत होते. ते गोष्ट वाचत होते तोवर पान सरळ धरलेलं होतं. चौकटीशी आले तेव्हा त्यांनी ती बहुतेक दोनदा वाचली. मग पुरवणीची घडी घातली, फळीवर ठेवली आणि आंघोळीला गेले. त्या दिवसापासून त्यांनी माझी गोष्ट कधी वाचली नाही. मंगळवारी मी लिहायला बसले की ते बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. मला एकदा तरी त्यांनी ओरडायला हवं होतं. मी वाट बघायची.

काम टिकलं. पाच महिने मी चुका लिहिल्या आणि त्याच चुकांची कार्डंही लिहिली. इतरांचीही पत्रं यायला लागली, काहींनी मला न दिसलेल्या चुका काढल्या. संपादक खूश होते. मला यानातली माणसं आता दिसेनाशी झाली होती, नुसती त्यांची दारं आणि हात दिसायचे.

मग कागद महागला म्हणून पुरवणीची पानं निम्मी झाली आणि गोष्ट मधेच थांबली. पुढच्या रविवारी त्या जागी राशिभविष्य होतं. मला कोणी कळवलंही नव्हतं. पुढं जून महिन्यात मला माधव नगरच्या एका नव्या इंग्रजी शाळेत नोकरी लागली.

गोष्ट बंद झाल्याचं बाबांना आईनं सांगितलं असावं. एका दुपारी मी वह्या तपासत होते, ते समोर येऊन बसले. कितीतरी महिन्यांनी आपणहून बोलले.

"ते लोक पोचले का?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खाली वहीकडे बघितलं. यान कुठंच पोचलं नव्हतं. शेवटच्या छापलेल्या ओळीत कॅप्टन कोणाला तरी हाक मारत होता, कोणाला ते मला आठवत नव्हतं.

"हो, पोचले," मी म्हणाले.

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली.  मग माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातली एक वही उचलली आणि विचारलं की ह्यातल्या बेरजा तपासायला मी मदत करू का. मी लाल पेन त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते घेतलं, टोपण काढलं, आणि पहिल्याच पानावरच्या चुकलेल्या बेरजेशी पेन धरून, तिथं खूण न करता बसून राहिले.