अठ्ठ्याण्णवच्या विंडोजने खाल्लेला दौरा

आर्णीच्या बसस्टँडजवळ आमचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ होता. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या भागीदाराचा. माझे वडील तहसीलमध्ये कारकून, आजोबाही कचेरीतच, त्यामुळे मी खुर्चीवर बसून करायचंच काम करणार हे घरात आधीपासून ठरलेलं होतं. फक्त खुर्ची सरकारी मिळाली नाही. भागीदार जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या पणजोबांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. हा मोटारसायकलवर कॅमेरा लादून तेच करायचा. शूटिंग त्याचं, कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग माझं. लग्नाच्या व्हिडिओत नवरीच्या कपाळातून गुलाब उगवायचे आणि नवरदेव बदामातून बाहेर यायचा, ती सगळी माझी कलाकारी.

ही कलाकारी विंडोज ९८ वर चालायची. तोवर नवी विंडोज एक्सपी येऊन चांगली रुळली होती. पण माझं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं, आणि ज्याने त्याचं कुलूप फोडलं त्याने फक्त ९८ साठीच फोडलं होतं.

भागीदार म्हणायचा, "बदलून टाक नं बावा. यवतमाळले सारे एक्सपी वापरून राह्यले."

"चांगलं चालू हाये नं? मंग कायले हात लावतं?"

यावर तो कॅमेऱ्याचं भिंग पुसत बसायचा.

त्या वर्षांत कापसाने आमच्या जिल्ह्याचं नाव पार दिल्लीपर्यंत पोचवलं होतं. भाव पडलेला, अळी बोंडात बसलेली, आणि गावोगाव जे घडत होतं ते पेपरात वाचायचीही लोकांना गरज नव्हती. लग्नं साधी व्हायला लागली. नवरीच्या कपाळातले गुलाब कोणाला परवडेनात. आमचा स्टुडिओ बंदच पडायचा, पण तेवढ्यात पाहणी दौरे सुरू झाले. समित्या आल्या, चॅनेलवाले आले, जिल्ह्याचे पुढारी जिल्हा नव्याने सापडल्यासारखे फिरायला लागले. दौरा म्हटला की शूटिंग आलंच.

आमच्या वाट्याला आले ते भाऊ. भाऊ आमच्या भागातले पुढारी, पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून असलेले. त्यांच्यासोबत एक निवृत्त गुरुजी असत. ते भाऊंची भाषणं लिहीत, हारतुरे सांभाळत आणि भाऊंनी कुठे हात जोडायचे, कुठे डोळे पुसायचे हेही सांगत. गुरुजींनी आम्हाला बोलावून सांगितलं, "भाऊंच्या कार्यावर एक फिल्म करायची आहे. सगळा दौरा टिपा. एक मिनिटही वाया जाता कामा नये. हा इतिहास आहे."

मग आम्ही इतिहास टिपत फिरलो. झरी जामणीच्या जंगलातल्या गावांपासून बोरी अरबच्या बाजारापर्यंत. भाऊ गाडीतून उतरत, कपाशीच्या पऱ्हाटीत शिरत, एक बोंड हातात घेऊन त्याच्याकडे असं पाहत की बोंडालाच संकोच वाटावा. मग भाषण. भाषण सगळीकडे एकच, गावाचं नाव तेवढं बदलायचं, आणि एकदा तेही बदलायचं राहून गेलं.

बोरी अरबला एका विधवा बाईला शिलाई मशीन द्यायची होती. भाऊंनी मशीन दिली, पण देताना ते कॅमेऱ्याकडे पाहायचं विसरले. गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा घेऊ."

दोन कार्यकर्त्यांनी मशीन उचलून परत भाऊंसमोर नेऊन ठेवली. बाई घाबरली.

"आता देल्ली नं? मंग परत काहून घेऊन राह्यले?"

"परत नाही घेत बाई, परत देतोय," गुरुजी म्हणाले.

बाईने मशीनच्या चाकावरचा हात मात्र काढला नाही. टेपवर ते दृश्य भाऊ आणि ती बाई मशीन ओढून राहिल्यासारखं दिसायचं.

असं करता करता टेपा साचल्या. त्या टेपा महाग, आणि गुरुजींचा स्वभाव काटकसरीचा. त्यांनीच तोडगा काढला. सगळं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये भरा आणि टेपा पुसून पुन्हा वापरा. त्यासाठी मी नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून अडीचशे जीबीची हार्डडिस्क आणली. त्या काळी आर्णीत चाळीस जीबी असलेल्या माणसालाही मान होता. दुकानदाराने डिस्क त्याच्याच मशीनवर तयार करून दिली आणि म्हणाला, "आता भरत बसा. तुमचे पोरं म्हातारे होतील, ही नाही भरणार." कोणत्या विंडोजवर लावणार, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

डिस्क लावली. ९८ ने पूर्ण आकार दाखवला, कुरकुर केली नाही. मी भागीदाराला खुर्चीत बसवून ते दाखवलं. "पाह्य, म्हणे जुनी झाली."

नव्या डिस्कमध्ये पहिली टेप भागीदाराने स्वतःची भरायला लावली. तांड्यावरच्या तीजेच्या सणाची. बाया गोल धरून गात होत्या आणि पुढे त्याची काकी होती. ती ओळ उचलायची आणि मागून सगळ्या. ती काकी नंतर हिवाळ्यात वारली. तिच्या टेपमागोमाग मी भाऊंचा दौरा भरत गेलो. भरला की टेप पुसायची आणि भागीदाराने ती घेऊन पुन्हा भाऊंच्या मागे जायचं. अशी ती तीजेची टेपही पुसली गेली. डिस्कमध्ये आहेच ना, म्हणून.

वेचणी संपता संपता एका दुपारी मी भाऊंचा शेवटचा टप्पा भरत होतो. निम्मी डिस्क भरून थोडी वर गेली असेल. कॉम्प्युटर अडखळला, पडदा निळा झाला. बंद करून चालू केला तर डिस्कच्या जागी नुसता प्रश्न: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची काय? मी कॉम्प्युटर पुन्हा बंद केला, देवाला उदबत्ती लावली, पुन्हा चालू केला. तोच प्रश्न.

यवतमाळला दत्त चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने डिस्क त्याच्या मशीनला लावली, दोन दिवस ठेवून घेतली आणि आम्हा दोघांना बोलावलं.

"डिस्क चांगली हाये," तो म्हणाला. "तुमची विंडोज अनपढ हाये. तिले एकशेसदतीस जीबीच्या पुढं मोजताच येत नाही. तुम्ही त्याच्या पुढं भरलं, तिनं ते नेऊन पयल्या जागेवर लिहून टाकलं."

"पण तिनं तर पूर्ण आकार दाखवला," मी म्हणालो.

"दाखवन नाही तं काय. दाखवायले काय लागते?"

मला भाऊंची आठवण झाली.

दौऱ्यातलं जे वाचलं होतं त्याचे तुकडे झाले होते, कोणत्या गावाचा कोणता ते कळायला मार्ग नव्हता. भागीदाराने विचारलं, "पयली फाइल?" दुरुस्तीवाल्याने जेवढी हाती लागली तेवढी लावून दाखवली. काकी दिसली, तिचा हात वर गेला, तिने ओळ उचलली, आणि बाया ती झेलणार तोच पडद्यावर भाऊ आले. "बंधूंनो, कापूस हा आपला प्राण आहे." पुढे भाऊच. भागीदाराने ती पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा काकी, पुन्हा भाऊ. मग म्हणाला, "बंद करा."

परतीच्या वाटेवर मीच बोलत राहिलो. दुकानदाराला शिव्या दिल्या, डिस्कला दिल्या, ९८ ला मात्र नाही दिल्या. तेवढी सवय होती तिची.

गुरुजींना सांगायला मी एकटाच गेलो. वाटलं, आता हे तिथेच बसतील. पण ते म्हणाले, "भाषणाची प्रत माझ्याकडे आहे. भाऊ आहेत. मग गेलं काय?"

असा दुसरा दौरा झाला, आणि तो एका दिवसात झाला. उन्हाळा लागला होता, वावरं मोकळी पडली होती. भाऊंच्या एका नातेवाइकाच्या विहिरीवर तेवढी फरदड होती, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन उभी ठेवलेली पऱ्हाटी. तिच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झरी जामणीची पाटी लावली, दुसऱ्या धुऱ्यावर बोरी अरबची, आणि वाटेतल्या गावांच्या त्यांच्यामध्ये. भाऊ पाटीप्रमाणे टोपी आणि उपरणं बदलत राहिले. धुऱ्याच्या कडेला एक शिंग मोडलेला पांढरा बैल बांधलेला होता. तो प्रत्येक गावात आला. माझ्या ते ध्यानात आलं नाही. भागीदाराच्या आलं असणार, कॅमेरा त्याच्याच डोळ्याला होता, पण त्याने सांगितलं नाही.

शिलाई मशीन मागायला कार्यकर्ते बोरी अरबच्या त्या बाईकडे गेले. तिने दार लावून घेतलं. आतूनच म्हणाली, "दोनदा देल्ली. आता तिसऱ्यानं देवाची असन तं दुसरी आणा." मग भाऊंच्या नात्यातली एक बाई आणि तिच्या घरची मशीन आणली. तिने छान मान खाली घातली. गुरुजी खूश झाले.

फिल्म मी आठवडाभरात केली. सुरुवातीला बोंड उमलतं आणि त्यातून भाऊ येतात. बदामाचंच तंत्र, फक्त आकार बदलला. पहिला खेळ गुरुजींनी बोरी अरबला ठेवला, बाजाराच्या मैदानात पडदा बांधून. भाऊ पुढच्या खुर्चीवर बसले होते.

झरी जामणीच्या गावापर्यंत लोक शांत होते. दुसऱ्या गावात मागून कोणीतरी म्हणालं, "हा बैल मघा पाह्यला नं." तिसऱ्या गावात एक म्हातारा जरा मोठ्यानेच बोलला, "भाऊच्या संगं गाडीत बसून फिरते काय हा?" मैदान हसलं. भाऊही हसले, त्यांना वाटलं लोक खूश आहेत. मग बोरी अरबची पाटी आली, बैल आला, आणि मशीन आली.

ती बाई उठून उभी राहिली. ओरडली नाही. शेजारच्याला विचारावं तसं विचारलं, "मशीन मले देल्ली, आन फोटो हिचा काहून?"

कोणीच हसलं नाही. पडद्यावरचे भाऊ डोळे पुसत होते, खुर्चीवरचे भाऊ घड्याळ पाहत होते. गुरुजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "लाइट गेली म्हणून सांगा." मी वायर ओढली. आजूबाजूच्या दुकानांतले सगळे दिवे चालूच होते.

भाऊ त्या निवडणुकीत पडले नाहीत. एका बैलाने कोणी पडत नाही.

नंतर मी एक्सपी टाकली. चोरीचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना, म्हणून दुसरं चोरीचं आणलं. पावसाळ्यानंतर गुरुजी नव्या दौऱ्याचा कार्यक्रम घेऊन स्टुडिओत आले. मी वही उघडून तारखा लिहायलाही लागलो होतो.

भागीदार म्हणाला, "शूटिंग करीन. पण टेपा माह्यापाशी राह्यतीन. पुसाच्या नाही, कोणाले देवाच्या नाही."

"का बरं?" गुरुजींनी विचारलं.

"बाईनं मंग इचारलं तं दाखवता आलं पायजे नं, मशीन कोणाले देल्ली ते."

गुरुजींनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि दारव्ह्यात दुसरा कोणी शूटिंगवाला आहे का, असं मला विचारलं. होता. पत्ता मीच सांगितला.