ठोकळ्यांवरची मोटार

बाई निघायच्या आठवड्यात कळमनुरीत जो भेटेल तो मला एकच विचारायचा, मोटार विकणार का ठेवणार? लोकांचा हिशेब सरळ होता. मोटार विकली तर बाई परत येत नाहीत, ठेवली तर येतात. मी त्यांच्या घरामागच्या खोलीत राहत होतो म्हणून मला ठाऊक असणार, असं सगळ्यांना वाटायचं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मीही तोच हिशेब करत होतो, आणि बाई परत येण्याची गरज बाकी कुणाहीपेक्षा मला जास्त होती.

दुष्काळ सरून एक-दोन वर्षंच झाली होती. आमचा जिल्हा तेव्हा परभणी. बाई डॉक्टर होत्या, मूळच्या पुण्याकडच्या, एकट्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही त्या इथंच राहिल्या आणि आपल्या काळ्या मोटारीतून डोंगरकड्यापासून कुरुंद्यापर्यंत गावोगाव बाळंतपणं करत फिरल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आमच्या वस्तीपर्यंत रस्ता नव्हता, तेव्हा मोटार नाल्याच्या काठी उभी करून त्या चालत आल्या होत्या. मी शाळेत जातो का, हे त्यांनी त्या दिवशी विचारून घेतलं आणि पुढं विसरल्या नाहीत. नांदेडला बी.ए. होईपर्यंत माझी पुस्तकं त्यांनी पुरवली. कळमनुरीच्या शाळेत मला नोकरी लागली आणि भाड्याची खोली मिळेना, तेव्हा त्यांनी मागची खोली उघडून दिली. खोली का मिळत नव्हती हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शाळा सुटून मी आलो की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक यायची, "मास्तर, चहा झालाय." गावात मला नमस्कार करणारे पुष्कळ होते. हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुण्यात बहिणीकडं राहून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं, पावसाळा तिथंच काढायचा आणि दिवाळीनंतर यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वारंगा फाट्याचा मिस्त्री आला तो बोलतच आला.

"बाई, आजबी सांगतो, विकून टाका. गिऱ्हाईक हाय माज्याकडं."

"गिऱ्हाईक म्हणजे तूच ना?"

"अब तुमसे क्या छुपाना!" मिस्त्री हसला.

"विकायची असती तर तुला जॅक घेऊन बोलावलं नसतं. चढव ठोकळ्यांवर."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली होती आणि ती सत्कारणी लागली असं मला वाटलं.

पेट्रोल काढलं. पाण्याच्या टाकीखालची तोटी सोडून पाणी वाहून जाऊ दिलं. प्लग काढून त्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि प्लग परत बसवले. धुराच्या नळीत उंदीर शिरू नयेत म्हणून चिंध्यांचा बोळा कोंबला. मग जॅक लावून चारी बाजूंनी सागाचे ठोकळे सरकवले, आणि चाकं जमिनीपासून चार बोटं वर लटकली.

"ओ बी.ए., पुढं या की," मिस्त्री मला म्हणाला. "हात काळे झाले तर कोन पोरगी देनार न्हाई म्हनून भिऊन राहिले का?"

"त्याला पोरगी मी बघणार आहे," बाई म्हणाल्या. "तू तुझं काम बघ."

मिस्त्रीनं मला हँडल मारायला शिकवलं. बॅटरी काढलेली असल्यानं मोटार सुरू होणार नव्हती. आतलं यंत्र एका जागी धरून बसू नये म्हणून दर रविवारी चार फेरे फिरवायचे, इतकंच. बॅटरी मधून मधून फाट्यावर नेऊन चार्ज करून आणायची.

दुपारी माझी आई गावाहून आली. मोटार झाकून ठेवणार हे कळल्यावर तिनं कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचं पोतं आणलं होतं. आमच्या घरची शेती नव्हती. तिचा जन्म कुरुंद्याच्या शिवारात दुसऱ्याची हळद काढण्यात गेला होता, आणि वस्तू महिनोन् महिने राखायची म्हणजे काय, हे तिला हळदीच्या बेण्यावरून ठाऊक होतं. काढणी झाली की लावणीसाठी निवडलेली हळकुंडं सावलीत ढीग घालून पाल्यानं आणि मातीनं झाकतात. ते तिनं अनेक वर्षं केलं होतं. मोटारीच्या गाद्यांवर, पायाखाली, मागच्या डिकीत तिनं पाला पसरला. ठोकळ्यांभोवती वाळवीसाठी राखेचं रिंगण काढलं. मिस्त्री बघत राहिला.

"मावशी, हिला कोंब फुटनार वाटतं दिवाळीला!"

"काहून हसून राहिला रे? तुज्या मोटारीपरीस आमचं बेनं नाजूक असतंय."

ताडपत्री ओढून झाली, कडेच्या कड्यांतून दोर ओवून झाला, आणि मिस्त्री पुढच्या बाजूला गाठ मारायला बसला. आईनं त्याला थांबवलं.

"डॉक्टरीणबाई, गाठ तुमी मारा. बेनं ज्यानं झाकलं त्यानंच उघडायचं असतंय. दुसऱ्याचा हात लागला तर सडतंय."

बाई विज्ञान शिकलेल्या. माझ्या आईला त्यांनी कितीदा या असल्या गोष्टींवरून टोकलेलं मी पाहिलं होतं. त्या दिवशी त्या सरळ खाली बसल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपत त्यांनी गाठ मारली, मग तिच्यावर आणखी एक.

"झालं? आता मला यावंच लागणार," त्या म्हणाल्या.

"व्हय तर," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई पुण्याला गेल्या.

त्यानंतरचे महिने मला लांबलचक आठवतात. शाळेत मी मन लावून शिकवायचो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे डबे उघडायचे तेव्हा मला वर्गातल्या वह्या तपासायच्या असायच्या. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, ये असंही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी परत आलो की पाय आपोआप खिडकीपाशी हळू व्हायचे. खिडकीला आतून कडी होती. मी खोलीत जाऊन स्टोव्ह पेटवायचो. एकट्यापुरता चहा मला कधी नीट जमला नाही. तो नेहमी जास्त व्हायचा.

रविवारची मात्र मी वाट बघायचो. मोटारीच्या उघड्या शेडमध्ये जाऊन ताडपत्रीची पुढची कड हातभर वर करायची, गाठीला धक्का न लावता हँडल आत घालायचं आणि फिरवायचं. अर्ध्या फेऱ्यात ते अडायचं. आतून कुणी तरी हात धरल्यासारखं वाटायचं. मग जोर केला की ते सुटायचं आणि एक लांब सुस्कारा ऐकू यायचा. आठवड्यात मला कुणी हात धरून अडवलेलं ते तेवढंच. चार फेरे सांगितले होते, पण मी जास्त फिरवायचो.

पावसाळ्यात एकदा बॅटरी घेऊन फाट्याच्या एसटीत बसलो. आम्ल सांडू नये म्हणून खोकं मांडीवर धरलं होतं.

"ओ मास्तर," कंडक्टर म्हणाला, "लेकरू हाय का ते मांडीवर घ्यायला? तिकीट काढू का अर्धं?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी चारचौघांत हसलो, म्हणून तो प्रवास लक्षात राहिला.

बाईंचं एक ऑपरेशन झालं, दुसरं लांबलं, एवढं पोस्टकार्डावरून कळलं. कार्ड त्यांची बहीण लिहायची. दसरा झाला. दिवाळीला मी घरी गेलो, पण पाडव्यालाच परतलो. बाई आल्या आणि शेडपाशी मी नसलो तर, असं मनात येत होतं.

एका सकाळी फाटकाशी टांगा थांबला. उतरला तो बाईंचा भाचा, माझ्याच वयाचा. हातात पेट्रोलचा डबा होता.

"बाई कधी येताहेत?" मी विचारलं.

तो शेडकडं बघू लागला. "मावशीनं निरोप दिलाय," तो म्हणाला. "दोर तुम्ही सोडायचा. आणि हँडलही तुमच्याच हातानं मारायचं."

मला कळलं. उघडायचा आपला हक्क बाईंनी मला दिला होता. एका डोळ्याची नजर आलीच नाही, मावशी आता आमच्याकडंच राहणार, मोटार मी न्यायला आलोय, हे त्यानं नंतर सांगितलं. तोवर मी गाठीपुढं बसलो होतो.

पावसानं दोर फुगून पुन्हा वाळला होता आणि गाठ हाडासारखी झाली होती. भाच्यानं खिशातून चाकू काढला. मी नको म्हटलं. तसं ती कापायला एक क्षणही लागला नसता. मी बाजूच्या कड्यांतून दोर ढिला केला, त्याला मागची बाजू धरायला सांगितली, आणि लेकराच्या डोक्यावरून झबलं काढावं तशी आम्ही ताडपत्री वर उचलून काढली. गाठ तशीच राहिली.

पाला झाडला. उंदीर कुठंच शिरला नव्हता. जॅक लावून ठोकळे काढले, पाणी भरलं, पेट्रोल ओतलं, बॅटरी जोडली, बोळा काढला. दोनदा नुसतं फिरवून तिसऱ्यांदा मी हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली.

"कमाल आहे," भाचा म्हणाला. "मला वाटलं, आज काही निघत नाही. मुक्कामाच्या तयारीनं आलो होतो."

मी हँडल त्याच्या हातात दिलं. ती सुरू झाली नसती तर निदान तो दिवस तरी राहिली असती. पण मी तिला नीट राखली होती.

ती वळणापर्यंत जाताना मी पाहिली. आवाज त्याच्या पुढंही थोडा वेळ ऐकू येत होता. शेडमध्ये चार ठोकळे, राखेचं रिंगण आणि पाल्याचा चुरा उरला होता. ठोकळे मी भिंतीशी लावले. ताडपत्री दोरासकट खोलीत नेली.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, बिऱ्हाडं बदलली. ताडपत्री विरून गेली. दोर माझ्याकडं आहे. आई गेली त्या वर्षी सामान आवरताना बायकोनं तो गुंडाळीतून काढला आणि विचारलं, "ही गाठ सोडू का? दोर चांगला आहे, वाळत घालायला होईल."

मी तिला दुसरा दोर आणून दिला.