पाकळीच्या बुडाशी एक केस

खलीलभाईंनी चाळीस वर्षं बिडीच्या आणि अगरबत्तीच्या लेबलांसाठी चित्रं काढली. नाशिक रोडच्या निम्म्या घरांत त्यांचा मोर पोहोचला असेल, पण खाली नाव छापलं ते कंपनीचं. याचा राग त्यांच्यापेक्षा मलाच जास्त यायचा. शेजारी आहे मी त्यांचा, तेवढा हक्क आहे.

काम सुटल्यावर कॉलेजातल्या सुवर्णा मॅडम त्यांच्याकडून वनस्पतींची चित्रं काढून घेऊ लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्र्यंबकच्या डोंगरात मॅडमना एक इवलंसं जांभळं फूल दिसलं. तोडलं की लगेच कोमेजायचं, म्हणून खलीलभाईंनी कातळावर पालथं पडून ते जागेवरच काढलं. छत्री मी धरली होती. ही जात नवीन असणार, असं मॅडमना वाटलं. नव्या झाडाला नाव ठेवणारा स्वतःचं नाव देत नाही, अशी रीत आहे. रान तुडवणाऱ्याचं देतात, नाहीतर चित्र काढणाऱ्याचं.

"चाचा, तुमचं देणार," मॅडम म्हणाल्या. खलीलभाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम आपला लेख वाचून दाखवायला घरी आल्या. "जुन्या, ठाऊक असलेल्या जातीपेक्षा फरक एकच, पाकळीच्या बुडाशी एक लांब केस. वाळलेल्या फुलात तो टिकत नसावा, पण चाचांच्या चित्रात स्पष्ट आहे."

खलीलभाईंचा चेहरा उतरला. मला लगेच कळलं. लेबलावर सही करायची सोय नव्हती, म्हणून ते प्रत्येक चित्रात एक जादा रेघ लपवायचे. मोराच्या पिसातली त्यांनी मला दाखवली होती. मी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. मी तर खोटं बोललो असतो, आजही बोलेन.

"मॅडम," ते म्हणाले, "तो केस फुलाला नाय. मी घातलेला हाय. हाताला सवय लागली, माफी करा."

नाव गेलं. फूल जुनंच निघालं. दीडशे वर्षांपूर्वी इथे भटकून गेलेल्या कुणा साहेबाचं नाव त्याला केव्हाच मिळालेलं होतं. मला फार वाईट वाटलं. मॅडम रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चाचा, माझ्या पुस्तकासाठी हे चित्र पुन्हा काढा. केसाशिवाय. आणि या वेळी खाली सही करा."

फूल त्यांनी एका बैठकीत काढलं. सहीची मात्र हाताला सवय नव्हती, अक्षरं फुलापेक्षा मोठी झाली. मॅडमनी ती तशीच छापली.