व्हर्लीनच्या फोनमध्ये जागा नव्हती

फिलाडेल्फियातल्या एका चौकात व्हर्लीन मॅप रोज सकाळ-दुपार 'थांबा' लिहिलेली लाल पाटी धरून उभी राहते आणि सरकारी शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देते. त्या शाळेतल्या मारामाऱ्या, शिव्या, दर महिन्याला नवे शिक्षक, सगळं तिला उभ्या जागेवरून दिसतं. म्हणूनच आपली लेक जोनेल सहावीला तिथे जाऊ नये, एवढा एकच हट्ट तिने धरला होता. दुसरा हट्ट धरायचं बळच नव्हतं. जानेवारीत तिची आई गेली, आणि तेव्हापासून ही बाई नुसती चालत-बोलत होती. रडलीसुद्धा नाही.

नवरा ओडेल म्हणे, चर्चच्या खाजगी शाळेत घालू. "मी तिथेच शिकलो. बिघडलो का?"

"बस चालवतोस आणि अख्ख्या शहराला शिव्या देतोस," व्हर्लीन म्हणाली. "अजून काय बिघडायचं राहिलंय?"

तिचा डोळा चार्टर शाळेवर होता. सरकारी पैशावर चालायचं, पण कारभार आणि तोरा मात्र स्वतःचा, अशी ही शाळा. फी नाही, प्रवेश चिठ्ठ्या टाकून. जोनेलचं नाव प्रतीक्षायादीत अगदी वर लागलं. तेवढ्यात चर्चच्या शाळेने हो की नाही ते विचारलं. चार्टरचं आज ना उद्या होणारच, म्हणून ओडेलने कुरकुरत तिथली जागा सोडली.

आणि चार्टरचा फोन आला. व्हर्लीन तेव्हा चौकात होती. नंबर अनोळखी. त्यांच्या गल्लीत अनोळखी नंबर कोणी उचलत नाही. वसुलीवाला नाहीतर विमेवाला, तिसरा कोण असणार? तिने फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला.

आठवड्याने तिने स्वतःच चौकशी केली, तर तिथली बाई म्हणाली, "दोनदा फोन केला हो. निरोप ठेवायला गेले, तर तुमचा व्हॉइसमेल भरलेला, नव्या निरोपाला जागाच नाही. एक दिवस थांबलो, मग जागा पुढच्या मुलाला दिली."

तेलही गेलं, तूपही गेलं.

"भरलेला कशाने?" ओडेलने विचारलं. तिने फोन पोटाशी धरला, तेव्हा त्याला कळलं. "व्हर, आईचे निरोप? अगं, पुसून टाक ना!"

"तुझी आई जिवंत आहे," ती म्हणाली. ओडेल उठून बाहेर गेला. तिला त्याचा राग आला नाही, स्वतःचाही आला नाही. तिला काहीच आलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

सप्टेंबरात जोनेल आईच्याच चौकातून सरकारी शाळेत जाऊ लागली. पहिल्याच दिवशी घरी येऊन कुरकुरली, "मॉम, डबा विसरला होता. शाळेच्या ऑफिसातून फोन केला. तू उचलला नाहीस आणि निरोपही ठेवता येईना. उपाशी राहिले मी."

रात्रीचं जेवण झाल्यावर व्हर्लीन पायरीवर बसली आणि निरोप पुसू लागली. ऐकले नाहीत. फक्त शेवटचा ऐकला. त्यात आईचा घोगरा आवाज होता: "अगं, मीच. काही काम नव्हतं. ठेवते." तिने तोही पुसला. तरी डोळे कोरडेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात फोन वाजला. दोन्ही हात अडकलेले, उचलता आला नाही. मुलं पार झाल्यावर तिने फोन कानाला लावला. घरी पोचलेल्या जोनेलने निरोप ठेवला होता.

"मॉम, मीच. काही काम नाहीये. जागा झालीय का, ते बघत होते. ठेवते."

व्हर्लीनला रडू फुटलं. ती पाटी वर धरून रस्त्याच्या मधोमध रडत राहिली. पार करायला एकही मूल उरलं नव्हतं आणि दोन्हीकडच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.