खोट आधी दाखवणाऱ्या धुरपदाबाई

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी धुरपदाबाई मराठे यांनी सुरतेच्या लिंबायत भागातल्या एका गाळ्याचे डिपॉझिट म्हणून सहा हजार चारशे पंच्याहत्तर रुपये मोजून दिले. ठरले होते साडेसहा हजार. शटर खाली ओढताना अडकते, म्हणून पंचवीस रुपये त्यांनी कापून घेतले आणि मालकालाही ते पटवून दिले.

त्याआधीची अकरा वर्षे डोक्यावरचे गाठोडे हेच त्यांचे दुकान होते. नवरा लूमच्या खात्यात कामाला. त्याच्या मागोमाग त्या अमळनेरकडून सुरतेला आल्या होत्या. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या मिलांमधून सेकंडचा माल, म्हणजे कुठे तरी बारीकसा दोष राहिलेल्या साड्या, त्या लॉटने उचलत आणि गल्लोगल्ली विकत. विकण्याची त्यांची रीत मात्र वेगळी होती. घरी आणलेल्या प्रत्येक साडीवरून त्या तळहात फिरवत. तार तुटलेली असो, डाग असो की छपाई सरकलेली असो, त्या जागी काठाला पांढऱ्या धाग्याची गाठ मारत. गिऱ्हाइकापुढे साडी उलगडायची तीही गाठीपासूनच.

"आधी खोट बघ, मंग रंग बघ. खोट पटली तरच भाव बोलू," असे त्या म्हणत.

लॉटमध्ये बऱ्याच साड्या अगदी निर्दोषही निघत. त्यांना गाठ नसे आणि त्यांचा भाव तीस रुपयांनी जास्त असे. लिंबायतच्या बायकांच्या हे इतके अंगवळणी पडले होते, की साडी हातात घेताच त्या आधी काठावरून बोट फिरवत. पुढे धुरपदाबाईंच्या हाताखाली आणखी सात बायका गाठोडी घेऊन फिरू लागल्या. त्यांच्यात रंजना जिभेने सगळ्यांत तिखट.

दसऱ्याला गाळा उघडला, तेव्हा बहिणीचा मुलगा वैभव मदतीला आला. तो कापड मार्केटात सेल्समन होता आणि दुकान कसे चालते ते आपल्याला कळते, याविषयी त्याला शंका नव्हती.

"मावशी, गाठोडं सुटलं. आता तू शेठाणी. गिऱ्हाईक माल नंतर बघतं, मालकाला आधी बघतं."

त्याने 'रूपमिलन सारीज' असा बोर्ड रंगवून घेतला. 'डी. एम. मराठे, प्रोप्रायटर' अशी कार्डे छापली. कडक इस्त्रीची साडी नेसवून मावशीला गादीवर बसवले आणि "आवो बेन, बेसो", म्हणजे "या ताई, बसा", असे गुजरातीत म्हणायला शिकवले. रंजनाने कार्ड उलटसुलट करून पाहिले.

"आक्का, ही डी. एम. कोन शे व? आपला गावनी का?"

सगळ्या हसल्या. धुरपदाबाईही हसल्या, पण "आवो बेन" म्हणताना त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटे.

एका दुपारी वैभवने कात्री घेतली आणि मांडलेल्या साड्यांच्या गाठी कापून टाकल्या. काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटखाली ते लोंबते धागे कळकट दिसतात, असे त्याचे म्हणणे.

"कुणी विचारलं तर सांगू की. न विचारता कशाला ओरडायचं?"

धुरपदाबाईंच्या मनाला ते लागले. पण दुकानाचा कारभार त्यांना नवा होता. गादीवर असेच करत असतील, असे समजून त्या गप्प बसल्या. दिवाळीत विक्री चांगली झाली.

तुळशीच्या लग्नानंतर समाजाचा सामुदायिक विवाह ठरला होता. नवऱ्या मुलींच्या साड्या घेण्याचे काम विवाह समितीच्या उषाबाईंकडे होते. त्या आल्या तेव्हा धुरपदाबाई माल आणायला पलसाण्याला गेल्या होत्या. वैभवने एकतीस साड्या सरसकट गाठीवाल्या मालाच्या भावात बांधून दिल्या. दुसऱ्या दिवशी उषाबाई पेढे घेऊन दुकानात हजर.

"धुरपदा, मन जिंकलंस बाई! एकतीस साड्यांच्या काठावर मी स्वतः बोट फिरवलं, एक गाठ नाही. पोरींसाठी सगळ्या निखळ साड्या काढल्यास, आणि भाव लावलास गाठीवाल्यांचा. काल सभेत तुझं नाव घेतलं मी."

धुरपदाबाईंनी पेढा हातातच धरून ठेवला. उषाबाई गेल्यावर त्यांनी वैभवकडे पाहिले.

"किती असतील त्यात खोटीच्या?"

"आठ-दहा. मावशी, लग्नाच्या गर्दीत निरीतली तुटकी तार कोण बघतंय? आता सांगायला गेलीस, तर दसऱ्याला उघडलेलं दुकान संक्रांतीआधी बंद होईल. आणि तू कुठे खोटं बोललीस? तू तर काहीच बोलली नाहीस."

"अकरा वर्षं मी बोलतच नव्हते रे, गाठ बोलत होती. त्या बाईनं माझं तोंड बघून नाही, काठ बघून माल घेतला. गाठ नाही म्हणजे खोट नाही, हे तिला मीच शिकवलंय. तू कात्री चालवलीस आणि मी बसून राहिले."

रविवारी समितीची सभा होती. धुरपदाबाई रंजनाला घेऊन गल्लीतल्या गणपतच्या रिक्षातून तिथे गेल्या. इस्त्रीची साडी नव्हती, गावाकडची रोजची होती. पन्नासेक बायका बसल्या होत्या. त्यांच्यापुढे त्यांनी एकतीसच्या एकतीस साड्या मागवून घेतल्या, एकेक उलगडली, तळहात फिरवला आणि दोष सापडला तिथे गाठ मारली. नऊ गाठी झाल्या. सभेत कुजबुज सुरू झाली.

"गादीवर बसली अन् गाठ विसरली व आक्का!" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"विसरले नाही, कापू दिली," धुरपदाबाई म्हणाल्या. "दुकान माझं, चूक माझी. या नऊ मी परत नेते. उद्या संध्याकाळपर्यंत मार्केटातून नऊ चांगल्या आणते, याच भावात."

दारात वैभव उभा होता. आपले नाव येईल म्हणून तो कान टवकारून थांबला होता. ते आले नाही.

उषाबाईंनी गाठ मारलेली एक साडी उचलून उजेडात धरली.

"मला तर यातली खोट अजून दिसत नाही. याच भावात म्हणजे तुझं नुकसान ना?"

"माझंच आहे ते. दुसऱ्या कुणाचं होऊ नये."

"मग आण," उषाबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षीच्या साड्याही तुझ्याकडूनच. फक्त तपासायला तू स्वतः बस."

सोमवारी नऊ साड्या पोहोचल्या. गल्ल्यात उरले ते सुटे पैसे. मंगळवारी रंजना आणि बाकीच्या सहा जणी न सांगता दुकानात येऊन बसल्या आणि कपाटातल्या एकेक साडीवर हात फिरवून गाठी मारू लागल्या. वैभवही त्यांच्यात बसला. तळहाताला तुटकी तार लागायला त्याला तीन दिवस लागले, तोवर रंजनाने त्याला "काय रे शेठ, झोपलास का?" म्हणून भंडावून सोडले. चौथ्या दिवशी त्याने पेंटरला बोलावून बोर्ड पुसून घेतला. नव्या बोर्डावर 'धुरपदाबाईंचे साडी दुकान' एवढेच लिहिले आणि खाली लहान अक्षरांत 'दोष आधी दाखवला जाईल'. ही ओळ त्याची स्वतःची. मार्केटातल्या लोकांनी त्याची थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांपैकी दोघांच्या बायका मात्र पुढे इथूनच साड्या नेऊ लागल्या.

पुढच्या वर्षी समितीने चव्वेचाळीस साड्या मागितल्या. धुरपदाबाईंनी तपासायला आठ दिवस मागून घेतले आणि ते मिळालेही. १९९९ साली त्यांनी शेजारचा गाळा घेतला. तिथे रंजना बसते आणि गिऱ्हाइकाशी अहिराणीतच बोलते.

सभेच्या त्या रविवार-सोमवारी गणपतच्या रिक्षाने चार फेऱ्या केल्या होत्या. तीन फेऱ्यांचे पैसे त्याला लगेच मिळाले. पुढे तो बारडोलीला राहायला गेला. चौथ्या फेरीचे अठरा रुपये त्याला द्यायचे राहिले आहेत; ही खोटही धुरपदाबाई स्वतःच सांगतात.