खुल्या प्रोटोकॉलचे साहेब

दोन्ही तळवे पसरून ते म्हणायचे, "सगळं खुलं आहे!" जणू आम्ही त्यांच्यावर काही लपवल्याचा आळच घेतला होता.

शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांच्या आमच्या हिंगोलीच्या संस्थेत ते सल्लागार म्हणून आले, तेव्हा मी तिथे कारकून होतो. कुरुंदा, हट्टा, कनेरगाव नाका इथे आमची लसीकरण केंद्रं; प्रत्येकाची माहिती वेगळ्या संगणकात, वेगळ्या तऱ्हेची. शेळीवाल्याने फोनवर विचारावं आणि एआयने तिन्हीकडे डोकावून लस कुठे आहे ते सांगावं, एवढंच काम. त्यासाठी खुला प्रोटोकॉल, म्हणजे सगळ्या संगणकांना एकाच रीतीने विचारायची, कुणालाही वापरता येणारी पद्धत. साहेब हे इतकं गोड समजावत की काम झालंच असं वाटे. तुम्हीही पाहिले असतील असे लोक. सांगून झालं की त्यांच्या लेखी करूनही झालेलं असतं.

"साहेब, कुरुंद्याला कधी जायचं?" मी विचारायचो.

"जायचं कशाला? प्रोटोकॉल जातो की."

प्रोटोकॉल कुठेच गेला नाही. उद्घाटनापुरती साहेबांनी नमुन्याची खोटी माहिती भरली. हार पडले, टाळ्या पडल्या, आणि तीच माहिती तशीच राहिली.

मग शेळ्यांमध्ये साथ आली. हट्ट्याच्या एका बाईने फोनवर विचारलं. उत्तर आलं, लस कनेरगाव नाक्याला आहे. तिने टेम्पो करून शेळ्या तिकडे नेल्या. तिथला फ्रिज रिकामा. लस होती कुरुंद्याला, तिच्याच तालुक्यात. ते कळेपर्यंत साथ तिच्या गोठ्यात शिरली होती. शेळ्या पटापट मेल्या. उरलेलं आजारी करडू छातीशी धरून ती थेट ऑफिसात आली.

"मावशी, आमचा प्रोटोकॉल तर खुलाच आहे," साहेब म्हणाले.

"खुला हाय म्हनता, मंग आत खरं बोलनारं कोनीच काहून न्हाई?" तिने करडू त्यांच्या मांडीवर ठेवलं. "धरा. पानी घेऊन येते त्याला."

त्याला कुठून धरावं हेही साहेबांना कळेना. करडाचं नाक गळत होतं. थोड्या वेळाने त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनेच ते पुसलं, अगदी हळू. माझा राग तेवढ्यापुरता निवला.

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. कुरुंद्याच्या केंद्रात संगणक सांभाळणाऱ्या ऑपरेटर बाईंनी आणि मी एकेका केंद्रात जाऊन त्याच प्रोटोकॉलने सगळं जोडलं. एआय आता खरं सांगतं.

साहेबांचा फोन एकदा आला होता. नव्या नोकरीसाठी त्यांना आमच्याकडून कामाचा दाखला हवा होता. करडू जगलं का, ते त्यांनी विचारलं नाही.